सांताक्लॉजमधलं 'सांता' आलं कुठून? (नाताळबाबाचं नाव आणि कूळ)

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी,

चार दिवस झाले एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. आम्ही पणजीत राहतो, मुलगी चौथीत आहे. शेजारी एक अंकल आहेत, ऐंशीच्या पुढचे, लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले. ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त झालं की त्यांच्या बाल्कनीत कागदाची चांदणी लावायला आमची मदत लागते, हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. या वेळी मी शिडी धरून उभी होते आणि मुलगी खाली बसून शाळेसाठी सांताक्लॉज करत होती, लाल घोटीव कागद, कापसाची दाढी वगैरे, आणि वर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं होतं. अंकलनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "बाय, सांता हा शब्द बायकांसाठी असतो गो. सांता मोनिका, सांता काटारीना. बाप्यासाठी सांव नाहीतर सांतो."

झालं. मुलगी विचारते, मग सांताक्लॉज बाई आहे का? आणि दाढी कशी?

मी तिला उद्या सांगते म्हटलं आणि तो उद्या अजून आला नाहीये. अंकलचं म्हणणं तर बरोबर आहे, आपलं सांताक्रूझसुद्धा त्यातलंच, पोर्तुगीजमध्ये क्रूस स्त्रीलिंगी म्हणून सांता. मग या दाढीवाल्या म्हाताऱ्याला सांता कुणी केलं? तुर्कस्तानातला कुणी संत होता एवढं ऐकून माहीत आहे. ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, मला तिला खरं तेच सांगायचंय.

सह्याद्रीवेडा

छान धागा. माझ्या मते सरळ आहे, आपला 'संत' शब्दच तो. संत → सांत → सांता. संस्कृतातून तिकडे गेलेले किती शब्द आहेत, त्यातलाच हा एक असणार. मागे एक फॉरवर्डही आला होता या अर्थाचा.

शब्दवेडा

सह्याद्रीवेडा, मोह होतो खरा, मलाही कॉलेजात असताना असंच वाटायचं, पण हे दोन शब्द नातेवाईक नाहीत, निव्वळ दिसायला सारखे आहेत. आपला संत येतो 'सत्' वरून, सत् म्हणजे असणारा, खरा, चांगला, त्याचं अनेकवचन सन्तः, त्यातून संत. तिकडचा सेंट, सांतो, सांता येतो लॅटिन 'सांक्तुस' वरून आणि त्याच्या मागे क्रियापद आहे 'सांकिरे', म्हणजे विधीपूर्वक पवित्र ठरवणं. मुळं वेगळी, अर्थ मात्र फिरून फिरून एकाच जागी आले. ज्ञानोबा-तुकोबांसाठी आपण जो शब्द वापरतो तोच मराठी ख्रिस्ती लोक सेंट पीटर, सेंट पॉलसाठी वापरतात आणि तो इतका चपखल बसतो की दोन्ही एकच वाटतात, त्यामुळे चूक होणं साहजिक आहे.

आता मांडवीकाठ यांचा प्रश्न. तुमचे अंकल शंभर टक्के बरोबर. पोर्तुगीजमध्ये पुरुष संताच्या नावाचा पहिला वर्ण व्यंजन असेल तर सांव (तोच आपला सांजांव, २४ जूनला विहिरीत उड्या मारतात तो, म्हणजे संत जॉन), स्वर असेल तर सांतो (सांतो इस्तेव), आणि बाई असेल तर सांता. त्या हिशोबाने हा म्हातारा पोर्तुगीजांकडून आला असता तर त्याचं नाव 'सांव निकोलाव' झालं असतं. केप व्हर्दमध्ये या नावाचं अख्खं बेट आहे.

पण तो त्या वाटेने आलाच नाही. सांताक्लॉजमधलं 'सांता' पोर्तुगीजही नाही, स्पॅनिशही नाही, इटालियनही नाही. ते डच आहे. शब्दकोशात बघाल तर डच बोलीतलं 'सांते क्लास' असं मूळ दिलेलं असतं. क्लास म्हणजे निकोलासचं घरगुती रूप. प्रमाण डचमध्ये आज 'सिंटरक्लास' म्हणतात, ते 'सिंट हेर क्लास' याचं घासलेलं रूप मानतात, म्हणजे संत श्री क्लास. इंग्रजी कानांनी ते ऐकलं आणि त्यांच्या तोंडी त्याचं सांताक्लॉज झालं. थोडक्यात मुलीला सांगा की ती बाई नाही, 'संत क्लास'चा उच्चार बिघडलाय एवढंच.

सवडीने अजून लिहितो.

मांडवीकाठ

अरे वा!! सांजांवशी जोडल्यावर एकदम डोक्यात शिरलं. सांव निकोलाव हे अंकलना सांगायलाच हवं. लिहा लिहा, वाट बघतेय.

वसईकर

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी वसईचा कॅथलिक, आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात ६ डिसेंबरच्या आसपास संत निकोलसची गोष्ट सांगत, निदान आमच्या सिस्टर तरी सांगायच्या, आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट मला आजही शब्दाशब्दाने आठवते कारण ती हुंड्याची गोष्ट आहे.

पातारा नावाच्या बंदरात एक माणूस होता, आधी खाऊनपिऊन सुखी, मग कफल्लक झालेला. घरात तीन लग्नाच्या मुली. हुंड्याला पैसा नाही म्हणून लग्नं होईनात, आणि शेवटी मुलींना विकायची वेळ आली, कुठे ते सिस्टरनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण मूळ गोष्टीत ते स्पष्ट आहे, कुंटणखान्यात. निकोलस तेव्हा तरुण, आईवडील गेलेले, वारसाचा पैसा हातात. तो रात्री त्या घराजवळ गेला आणि खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकून निघून आला. थोरलीचं लग्न झालं. मग परत एकदा टाकली. मधलीचं झालं. तिसऱ्या खेपेला बाप जागा राहिला, पुरचुंडी पडल्याचा आवाज झाल्याबरोबर धावत बाहेर आला आणि त्याने त्याला गाठलं, पाय धरले. निकोलस त्याला म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत हे कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे.

मला यातलं ते रात्री जाणं फार भिडतं. दिवसा दिलं असतं तर अख्ख्या गावाला कळलं असतं की या पोरींची लग्नं दानाच्या पैशावर झाली. आमच्या वर्गात तेव्हा अशा मुली होत्या ज्यांच्या घरी हाच घोर होता, त्या किती गप्प होऊन ऐकत होत्या ते मला अजून दिसतं.

खिडकीची पुढे धुराड्याची वाट झाली, पुरचुंडी वाळत घातलेल्या मोज्यात पडली वगैरे नंतर जोडलेलं आहे. चित्रांमधे निकोलस ओळखायचा असेल तर त्याच्या हातात किंवा पायाशी तीन सोन्याचे गोळे बघा, त्याच त्या तीन पुरचुंड्या.

भटकभवानी

वसईकर, काटा आला अंगावर. हे माहीतच नव्हतं.

इतिहास_मित्र

वसईकरांनी गोष्ट फार सुंदर सांगितली. मी फक्त इतिहास म्हणून काय हाताशी आहे ते लिहितो, कारण मुलीला खरं सांगायचंय असं धागाकर्तीने लिहिलंय.

निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा गावाचा बिशप. मायरा म्हणजे आजचं देमरे, तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या प्रांतात. पातारा तिथून पश्चिमेला. तेव्हा तो भाग रोमन साम्राज्यात, भाषा ग्रीक. तुर्क तिकडे यायला अजून सातशे वर्षं होती, त्यामुळे 'तुर्की संत' म्हणणं जरा फसवं आहे, ग्रीक बोलणारा रोमन प्रजाजन म्हणा. परंपरेने मृत्यूचा दिवस ६ डिसेंबर ३४३. त्याने स्वतः लिहिलेलं एक अक्षर शिल्लक नाही आणि त्याच्या हयातीतल्या कुणी त्याच्याबद्दल लिहिलेलंही नाही. सविस्तर चरित्र लिहिलं ते मायकेल नावाच्या मठाधिपतीने, नवव्या शतकात, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांनी. हुंड्याची गोष्ट त्यात आहे. त्यातच भर म्हणजे सहाव्या शतकात त्याच मुलखात सायनच्या मठाचा आणखी एक निकोलस होऊन गेला, त्याच्या गोष्टीही थोरल्याच्या खात्यावर जमा झाल्या. आपल्याकडेही एकाच नावाच्या दोन संतांचे अभंग एकमेकांत मिसळतात, अभ्यासकांचं निम्मं आयुष्य ते वेगळे करण्यात जातं, तसंच हे.

निकोलसची सगळ्यात जुनी गोष्ट मात्र भेटवस्तूंची नाहीच. मायरात तीन निरपराध माणसांना मृत्युदंड झाला होता, गव्हर्नरने लाच खाल्ली होती, आणि मारेकऱ्याने तलवार उचललेली असताना निकोलसने गर्दीतून पुढे जाऊन ती हातातून काढून घेतली. ते पाहणारे तीन सरदार पुढे स्वतःच खोट्या आरोपात कॉन्स्टंटिनोपलच्या तुरुंगात पडले, त्यांनी त्याचा धावा केला आणि तो बादशहा कॉन्स्टंटाइनच्या स्वप्नात जाऊन त्याला दम देऊन आला. म्हणजे आधीची ख्याती अन्यायाच्या आड उभा राहणारा म्हणून. मग खलाशांचा त्राता, कारण मायरा बंदराचं गाव. मुलांचा कैवारी त्याच्याही नंतर.

३२५ सालच्या निकेयाच्या धर्मपरिषदेत त्याने एरियसच्या (ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा नाही असं शिकवणाऱ्या धर्मगुरूच्या) थोबाडीत मारली हे डिसेंबरात हमखास फिरतं. ती फार उशिराची दंतकथा आहे, त्या परिषदेच्या काही याद्यांत त्याचं नाव आहे आणि काहींत नाही, एवढंच धरून चाला.

सह्याद्रीवेडा

शब्दवेडा, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार, तो फॉरवर्ड मी दोन ग्रुपवर पाठवला होता, दोन्हीकडे जाऊन लिहितो.

इतिहास_मित्र, मग त्याची समाधी वगैरे आहे का देमरेला?

इतिहास_मित्र

आहे आणि नाही. देमरेला त्याच्या नावाचं जुनं चर्च आहे, नदीच्या गाळाने भरून आजूबाजूच्या जमिनीच्या बरंच खाली गेलेलं, एक फोडलेली दगडी शवपेटी आहे. हाडं तिथे नाहीत. १०७१ ला मांझिकर्टच्या लढाईत बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडचे रोमन, हरले आणि सेल्जुक तुर्क आत घुसले, तेव्हा इटलीतल्या व्यापारी शहरांना वाटलं की आता अवशेष 'वाचवायला' हवेत. खरी चुरस होती बारी आणि व्हेनिसमध्ये, कारण ज्याच्या गावात हा संत त्याच्या गावाला यात्रेकरू. १०८७ ला बारीच्या खलाशांनी मायरात जाऊन तिथल्या साधूंना बाजूला सारून शवपेटी फोडली आणि हाडं पळवली. ९ मे ला ती बारीत पोहोचली आणि आजही बारीत तो सण असतो. काही वर्षांनी व्हेनिसवाले गेले आणि उरलेसुरले तुकडे गोळा करून आले, ते व्हेनिसजवळच्या लिदो बेटावर सान निकोलो चर्चमध्ये आहेत. इथे बघा, इटालियनमध्ये बरोबर पुल्लिंगी 'सान' आहे.

मग नऊशे वर्षं भांडण, खरा कुणाकडे? १९५३ ला बारीची कबर दुरुस्तीसाठी उघडली तेव्हा लुईजी मार्तिनो नावाच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांनी हाडांची मापं आणि चित्रं घेतली, आणि त्यांनीच १९९२ ला व्हेनिसची हाडं तपासली. निष्कर्ष असा की बारीत जे नाही ते व्हेनिसमध्ये आहे, दोन्ही मिळून सांगाडा एकाच माणसाचा. त्या मापांवरून पुढे ब्रिटनमध्ये चेहरा तयार केला गेला. नाक मोडून वाकडं बसलेलं दिसतं. तो माणूस निकोलसच होता का हे हाडं सांगू शकत नाहीत, पण मला तो मोडक्या नाकाचा चेहरा लाल टोपीवाल्यापेक्षा जास्त आपला वाटतो.

अजून एक. देमरेच्या चौकात रशियाने दिलेला बिशपच्या वेशातला कांस्य पुतळा होता, कारण ऑर्थोडॉक्स रशियनांना हा संत फार जवळचा. २००५ ला तिथल्या महापौरांनी तो हलवून जागी लाल कपड्यातला प्लास्टिकचा सांताक्लॉज बसवला, पर्यटकांना ओळखू यावा म्हणून. रशियनांनी निषेध केल्यावर कांस्य पुतळा चर्चजवळच्या कोपऱ्यात परत आला. मला याचं खरंच वाईट वाटतं. त्याच्या स्वतःच्या गावात त्याला त्याच्याच नकलेने उठवलं.

डचभूमीतली

उशिरा आले धाग्यावर. मी नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवेनला राहते, सात वर्षं झाली, आणि तुम्ही ज्याला मूळ म्हणताय तो इथे दर नोव्हेंबरात जिवंत येतो, त्यामुळे लिहायलाच हवं.

सिंटरक्लास आणि सांताक्लॉज इथे वेगळे आहेत हां, इथल्या मुलांना एक म्हटलेलं अजिबात चालत नाही. सिंटरक्लास येतो नोव्हेंबरच्या मध्यात, बोटीने, आणि येतो स्पेनमधून! बर्फातून नाही, उत्तर ध्रुवावरून नाही. उंच, सडसडीत, डोक्यावर बिशपचा मुकुट, हातात लांब वळलेली काठी, लाल झगा आणि पांढरा घोडा. पोट सुटलेलं नाही की हो-हो-हो नाही. तो गंभीर असतो, आजोबा लोक असतात तसा, आणि त्याच्याकडे एक मोठं पुस्तक असतं, त्यात प्रत्येक मुलाचं लिहिलेलं असतं. ही बोट आणि स्पेन पक्कं झालं ते यान स्केंकमान नावाच्या शिक्षकाच्या १८५० च्या मुलांच्या पुस्तकापासून. त्याच पुस्तकात सोबत नोकर आला, त्याचा पुढे काळं तोंड रंगवलेला 'झ्वार्टे पीट' झाला, आणि त्यावरून इथे खूप वर्षं कडाक्याचे वाद झाले. आता बऱ्याच शहरांत फक्त गालावर काजळीचे पट्टे असलेले पीट असतात. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं, सावळ्या मुलाची आई म्हणून सांगते.

घरात काय होतं ते सांगते. तो आला की मुलं संध्याकाळी शेकोटीपाशी, आणि शेकोटी नसेल तर हीटरपाशी किंवा दारापाशी, एक बूट ठेवतात. बुटात घोड्यासाठी गाजर. मग बुटासमोर उभं राहून गाणं म्हणायचं. माझा मुलगा पहिल्या वर्षी साडेतीन वर्षांचा होता, त्याने स्वतःचा नाही, बाबाचा बूट ठेवला, कारण तो मोठा. सकाळी गाजर गायब आणि आत मूठभर क्राउडनोटन, म्हणजे मसाल्याची छोटी कडक बिस्किटं, दालचिनी-लवंगेचा वास येतो, आपल्या चहाच्या मसाल्यासारखा, आणि चॉकलेटचं अक्षर. इथे प्रत्येकाला नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटमध्ये मिळतं. मुख्य रात्र ५ डिसेंबरची, पाकयेसाव्होंट, पुडक्यांची संध्याकाळ. मोठी माणसं एकमेकांना निनावी भेट देतात आणि सोबत यमक जुळवून कविता, खाली सही 'सिंट'. कुणी दिलं ते सांगायचं नाही. वसईकरांची ती शपथ वाचली आणि एकदम हेच आठवलं, सतराशे वर्षं झाली आणि नियम तोच राहिलाय.

अजून एक बघाच. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये यान स्टेन या डच चित्रकाराचं चित्र आहे, १६६५ ते ६८ च्या सुमाराचं, सिंट निकोलासचा सण. मधे एक लहान मुलगी बाहुली छातीशी घट्ट धरून उभी आहे, आई हात पुढे करतेय तरी देत नाहीये. डाव्या बाजूला थोरला मुलगा रडतोय, कारण त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघाली, दुसरं भावंड त्याच्याकडे बोट दाखवून हसतंय, आणि मागे आजी हळूच पडदा सारून त्याला बोलावतेय. मी त्या आजीसमोर कितीतरी वेळ उभी होते. तिने काहीतरी ठेवलंय नक्की त्याच्यासाठी.

आणि चित्र काढलं त्याच्या जरासं आधी, १६६४ ला, डचांचं न्यू आम्स्टरडॅम इंग्रजांनी घेऊन त्याचं न्यूयॉर्क केलं. म्हणजे ही मंडळी हा सण तिकडे घेऊन गेली होती आणि तिथून सांताक्लॉज झाला, असं सरळ आहे ना?

मांडवीकाठ

डचभूमीतली, तुम्ही वेगळा धागाच काढा या सणावर. बाबाचा बूट!! माझी मुलगी माझ्या मागे उभी राहून वाचतेय, तिला ते चॉकलेटचं अक्षर हवंय.

शब्दवेडा

बसलो एकदाचा निवांत. डचभूमीतली, सरळ आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण चार्ल्स जोन्स नावाच्या अभ्यासकाने १९५४ ला यावर मोठं प्रश्नचिन्ह लावलं. त्याचं म्हणणं, न्यू आम्स्टरडॅममध्ये हा सण साजरा झाल्याचा तेव्हाचा पुरावाच सापडत नाही. तिथलं अधिकृत चर्च कडवं प्रॉटेस्टंट, संतांचे सण त्यांना पाखंड वाटायचे. यान स्टेन स्वतः कॅथलिक होता हेही लक्षात घ्या.

नाव छापलेलं सापडतं ते १७७३ ला, न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात, 'सेंट ए क्लॉस' अशा स्पेलिंगने. अमेरिकन क्रांतीच्या तोंडावरचा तो काळ, इंग्रजांची सेंट जॉर्जच्या नावाची मंडळं होती, त्याला उत्तर म्हणून काही लोकांनी सेंट निकोलसचा दिवस साजरा केला. पुढे जॉन पिंटार्ड, न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेचे संस्थापक, त्यांनी या संताला शहराचा आश्रयदाता करायचा ध्यास घेतला आणि १८१० च्या ६ डिसेंबरला त्याच्या नावाने मेजवानी केली. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, ६ डिसेंबर १८०९ ला, वॉशिंग्टन अर्व्हिंगचा न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास आला, त्यात जागोजागी हा संत, आणि लोकांनी तोच खरा डच वारसा धरला.

माझं मत विचाराल तर जोन्सचं अर्धं पटतं. सार्वजनिक सण नसेलही. पण 'सांते क्लास' हे रूप पुस्तकी नाही, बोलीतलं आहे. पिंटार्डसारख्या शिकलेल्या माणसाने हौसेने नाव उकरून काढलं असतं तर ते सेंट निकोलस असंच निघालं असतं. इतकं झिजलेलं नाव तोंडातोंडीच टिकतं, म्हणजे कुठल्यातरी डच घरात आजी नातवंडांना ते नाव सांगत होती, शंभर वर्षं इंग्रजी राज्य होऊन गेल्यावरही. याला कागद नाही, पण शब्द हाच पुरावा.

त्यानंतर भराभर झालं. १८२१ ला न्यूयॉर्कमध्ये मुलांचं एक चित्रपुस्तक आलं त्यात 'सांतेक्लॉस', गाडीला एकच रेनडियर. १८२३ च्या २३ डिसेंबरला न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या पेपरात ती प्रसिद्ध कविता निनावी छापून आली, आठ रेनडियरवाली, जी पुढे क्लेमंट मूरने आपली म्हणून सांगितली आणि त्यावर अजून वाद आहे. गंमत बघा, त्या कवितेत सांताक्लॉज हा शब्द एकदाही नाही, सगळीकडे सेंट निकोलस नाहीतर सेंट निक. आणि तो त्यात बुटका आहे, गाडी इवलीशी, रेनडियर इवलेसे, म्हणून तर धुराड्यातून मावतो. त्यालाच मोठा केला, उत्तर ध्रुवाचा पत्ता दिला तो थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने, हार्पर्स वीकली या साप्ताहिकात, जानेवारी १८६३ पासून पुढे वीसेक वर्षं. पहिल्या चित्रात तर तो यादवी युद्धातल्या उत्तरेच्या छावणीत, अंगात अमेरिकन झेंड्याचे तारे-पट्टे घालून शिपायांना भेटी वाटतोय.

कोकणकडा

पण लाल रंग तर कोकाकोलाने दिला ना? जाहिरातीच्या कोर्समध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं.

शब्दवेडा

नाही. कोकाकोलासाठी हॅडन सुंडब्लॉमने १९३१ पासून जी चित्रं काढली त्यांनी तो चेहरा जगभर पक्का केला हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधीच्या चित्रांत सांता लाल आहे, आणि त्याआधी बिशपचा झगा लालच होता, वर डचभूमीतली यांनी लिहिलंय तसा. अर्थात त्या काळात हिरवे, तपकिरी सांताही असायचे, लालवर एकमत हळूहळू झालं.

भटकभवानी

आणि निकोलसचा क्लास कसा झाला? निकोलस कुठे, क्लॉज कुठे.

शब्दवेडा

आवडता विषय! मूळ ग्रीक निकोलाओस, 'निके' म्हणजे विजय (बुटांची कंपनी नाइकी तीच) आणि 'लाओस' म्हणजे लोक. लोकांचा विजय. लाडाने हाक मारताना प्रत्येक भाषेने वेगळीकडून तोडलं. इंग्रजांनी पुढचं ठेवलं, निक, आपण पांडुरंगाचा पांडू करतो तसं. जर्मन आणि डचांनी शेपूट ठेवलं, क्लाउस, क्लास. स्कँडिनेव्हियात नील्स, फ्रान्समधून कोलॅं, त्याचा इंग्रजीत कॉलिन. पोलंडमध्ये न चा म होऊन मिकोवाय, हंगेरीत मिक्लोश. म्हणजे नील्स, कॉलिन आणि मिक्लोश एका टेबलावर बसले तर तिघं नामबंधू आहेत. आणि ज्या ग्रीक भाषेतून हे नाव आलं त्या ग्रीसमध्ये मुलांना भेटी आणतो तो निकोलस नाहीच, तो संत बेसिल, १ जानेवारीला. तिथे निकोलस अजून खलाशांचाच राहिलाय.

उत्तर युरोपातल्या जुन्या ओडिन देवावरून सांता आला, सायबेरियातल्या अळंब्या खाणाऱ्या शामानांवरून (मांत्रिकांवरून) आला हे व्हिडिओ बरेच फिरतात. दाढी आणि घोडा सोडून हाताला काही लागत नाही, मी तरी मुलीला ते सांगणार नाही.

वसईकर

इंग्लंडचा फादर ख्रिसमस वेगळा बरं का. तो संत नव्हताच, सणाचंच माणसाच्या रूपातलं सोंग, खाणंपिणं आणि मजा यांचं, मुलांना भेटी देण्याशी त्याचा संबंध नव्हता. प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट लोकांनी नाताळवर बंदी आणली तेव्हा त्याच्या बाजूने पत्रकं निघाली होती. अमेरिकन सांता व्हिक्टोरियाच्या काळात तिकडे पोहोचला आणि दोघं एकमेकांत विरघळले. आपला 'नाताळबाबा' शब्द मला जवळचा वाटतो, त्यातला नाताळ पोर्तुगीज 'नाताल', मुळात अर्थ जन्माचा.

आमच्याकडे वसईत ३१ डिसेंबरला म्हातारा जाळतात, जुन्या वर्षाचा, पेंढा भरलेला, जुनी पँट-शर्ट घालून. गोव्यातही असतो. लहानपणी माझी बहीण त्याला नाताळबाबा समजून रडली होती, आई तिला कडेवर घेऊन सगळं जळेपर्यंत समजावत होती की हा तो नव्हे, तो पुढच्या वर्षी येणार आहे.

डचभूमीतली

शब्दवेडा, आजीचा मुद्दा पटला, आणि त्या चित्रातली पडद्यामागची आजी परत डोळ्यापुढे आली.

अजून एक नाव राहिलं, क्रिस क्रिंगल. प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या लूथरला संत नको होते, म्हणून जर्मन प्रॉटेस्टंट घरांत भेटी ६ डिसेंबरवरून नाताळावर गेल्या आणि द्यायला लागला बाळ येशू, क्रिस्टकिंड, लाडाने क्रिस्टकिंडल. अमेरिकेत गेलेल्या जर्मनांच्या तोंडचं ते नाव ऐकून इंग्रजी बोलणाऱ्यांनी क्रिस क्रिंगल केलं आणि ते सांताक्लॉजचंच दुसरं नाव होऊन बसलं. ज्याला बाजूला करायला बाळ आणलं, त्याच म्हाताऱ्याला बाळाचं नाव मिळालं.

मांडवीकाठ

मंडळी, काल संध्याकाळी हा सगळा धागा अंकलना वाचून दाखवला. त्यांना मराठी समजतं पण वाचताना डोळे थकतात. हुंड्याच्या गोष्टीला त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाले. सांव निकोलाव म्हटल्यावर मात्र खूश, मी म्हटलं नव्हतं का, असा चेहरा.

मग क्रिस्टकिंडचं ऐकून म्हणाले की पोर्तुगालमध्येही आधी पाय नाताल, म्हणजे नाताळबाबा, नव्हताच, भेटी मेनिनो जेझुस आणायचा, बाळ येशू, आणि मुलं चुलीपाशी बूट ठेवायची, हे त्यांच्या शाळेत शिकवणारी बाई सांगायची, ती तिकडची होती. त्यांनी स्वतः एकदा ठेवून पाहिला होता, सहा-सात वर्षांचे असताना. घरात चूल होती पण बूट नव्हते, म्हणून वडिलांची चप्पल ठेवली. सकाळी त्यात आईने नेवरी ठेवली होती, केळीच्या पानात गुंडाळून.

मुलीने चित्रावरचं नाव खोडलं नाहीये. सांताक्लॉजच्या खाली कंसात सांव निकोलाव लिहिलंय, आणि कापसाच्या दाढीच्या वर वाकडं नाक काढलंय.